बांधालगतचे दहा फूट

ता. ९ जानेवारी, गुरुवार

आज आलेले सामान: कांद्याची रोपे, बारा जुड्या – ९६. सुतळीचे एक बंडल – १४. मीठ, काड्यापेटी, कपड्यांचा साबण मिळून – ३१. निळ्या शाईची बाटली – १२. मुद्रांकाचा कागद, एक – २०. हा शेवटचा खर्च भावजींचा. त्यांनी जागच्या जागी दिला, म्हणून आपल्या बेरजेत धरला नाही.

भावजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ. वाटणी झाल्यापासून बांधापलीकडचा तुकडा त्यांचा. बांधाअलीकडचा यांच्या आणि वन्संच्या, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीच्या नावावर. भावजींना आता छोटा टेम्पो घ्यायचा आहे, म्हणून शेताची वरची माती वीटभट्टीला द्यायची म्हणतात. कंबरेइतकी माती भट्टीवाल्यांनी न्यायची, जमीन भावजींचीच राहणार. तसा करार लिहून हवा होता. कचेरीबाहेरचा लेखनिक पानामागे पन्नास मागतो. भावजी म्हणाले, "घरात मॅट्रिक वहिनी असताना त्याच्या तोंडाकडे कशाला बघू?"

मी म्हटले, "माती विकून शेती कशी करणार?"

"माती विकतोय वहिनी, जमीन नाही. कपडे काढून दिले म्हणजे माणूस विकला का?"

"कपडे परत घालता येतात, भावजी."

"मातीही येते परत. दरवर्षी थोडी थोडी."

दुपारभर बसून लिहिले. अक्षर जरा बारीक काढले तरी शेवटी दोन कलमे उरली आणि सह्यांसाठी तीन बोटे जागा ठेवायची होती. एक कलम रकमेचे, ते गाळून चालणार नव्हते. दुसरे, बांधालगत दहा फूट सोडून खोदावे, असे. त्यासाठी दुसरा कागद म्हणजे आणखी वीस, शिवाय बसभाडे. भावजी म्हणाले, "ते तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सूर्य पूर्वेला उगवतो, असं कुणी करारात लिहितं का?" मलाही पटले. सासरे नेहमी सांगत, बांधाचे दहा फूट देवाचे, तिथे कुदळ लावायची नाही. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीला कागद कशाला?

एका कागदात बसवले. संध्याकाळी यांनी वाचून पाहिले. "अक्षर छान आलंय," म्हणाले. मग शेवटचा भाग पुन्हा वाचला आणि विचारले, "संपलं?" मी म्हटले, "संपलं, वीस वाचवले." हसले नुसते.

ता. १५, बुधवार

काल पलीकडे पिवळे यंत्र आले. एका घासात बैलगाडीभर माती उचलते. वरची काळी माती गेली आणि खालून पांढुरके, खडेरी निघाले. ओळखीच्या माणसाला पहिल्यांदा टोपीशिवाय पाहिल्यासारखे वाटले. बघू नये, तरी बघत राहिले.

धाकट्या जाऊबाई डंपरवाल्यांना चहा पाजत होत्या. मला म्हणाल्या, "अक्का, सासऱ्यांनी पाहिलं असतं तर?"

मी म्हटले, "त्यांनी आधी तुझ्या चहातली साखर मोजली असती."

हसली बिचारी, पण पदराने डोळेही पुसले. धूळ फार उडते आहे हे खरे.

आपल्या बाजूला कांदा लावून झाला. ऐंशी सऱ्या.

ता. २१, मंगळवार

यंत्र बांधाला येऊन भिडले. लिंबाच्या झाडांची मुळे पलीकडून उघडी पडलेली दिसतात. ही सात झाडे वन्संनी लग्नाआधी लावलेली. फळ अजून त्यांच्याच नावाने काढतो.

हे घरी नव्हते. मीच गेले. भट्टीचा मुकादम छत्री उघडून यंत्राजवळ बसला होता. मी म्हटले, "अहो, बांधापासून दहा फूट सोडायचे असतात."

"कुठं लिहिलंय, बाई?"

"लिहायला कशाला पाहिजे? रीतच आहे ती."

त्याने खिशातून घडी काढली. "हे बघा. 'हद्दीपर्यंत' असं आहे. पुढं काही नाही. आमचा मालक कागदाबाहेर जात नाही." मग कागद डोळ्यांजवळ धरून म्हणाला, "अक्षर कुणाचं हो? छापल्यासारखं आहे."

मी म्हटले, "असेल कुणा लेखनिकाचं."

देवा, खोटे बोलले. संध्याकाळच्या जपात त्याची क्षमा मागितली. पण जप झाल्यावरही वाटले, चूक मुकादमाचीच आहे. माणसाला रीत ठाऊक नसावी? लिहिले नाही म्हणजे काय शेजाऱ्याच्या घरात शिरायचे?

यांना सांगितले. हे म्हणाले, "कागदात नसेल तर नसेल." आणि हातपाय धुवायला गेले. भावाशी भांडायला नको म्हणून बोलत नाहीत, असे दिसते.

ता. ३०, गुरुवार

कांद्याला दुसरे पाणी दिले. सरीत पाणी उभेच राहत नाही. पलीकडच्या कडेतून पाझरून भावजींच्या खड्ड्यात टपकते. दुपारी ढप्पकन आवाज झाला. पाहते तो बांधाचा हातभर तुकडा खाली आणि त्याच्याबरोबर टोकाच्या दोन ओळी कांदा.

खाली उतरून ढासळलेली माती पाटीत भरली आणि वर आणून टाकली. अठरा पाट्या. माती आपली आहे, ती दुसऱ्याच्या खड्ड्यात का ठेवायची? कांदा धुऊन पातीची भाजी केली.

जाऊबाई वरून ओरडल्या, "अक्का, कशाला जिवाला त्रास? पुन्हा पडणारच आहे ती."

मी म्हटले, "ताटातलं सांडलं तर उचलतेस ना? पुन्हा सांडेल म्हणून राहू देतेस?"

ता. ७ फेब्रुवारी

बावीस पाट्या. कंबर धरली आहे. जप करता करता डोळा लागला.

ता. ८

पाणी द्यायची पाळी. पंधरा पाट्या. तीन ओळी गेल्या.

ता. १२, बुधवार

मुकादम आज घरी आला. हातात छत्री, पायात नवे बूट. ओसरीवर चिखल नको म्हणून मी पायपुसणे पुढे केले, ते ओलांडून आला. चहा दिला. यांना म्हणाला, "काका, तुमचं शेत आता टेबलावर ठेवल्यासारखं झालंय. चारी बाजूंनी गळणार. दरसाल थोडं थोडं खाली जाण्यापेक्षा एकदाच उतरवून घ्या. भावाच्या पातळीला या. दर त्यांच्यापेक्षा चांगला देतो."

मी आतून म्हटले, "आधी टेबल तुम्हीच केलंत, आता पाय कापायला आलात."

तो हसला. "बाई तोंडाच्या खमक्या आहेत."

हे म्हणाले, "बघू."

सत्तावीस वर्षांच्या संसारात यांचे 'बघू' म्हणजे नाही. रेडिओ घ्यायचा का – बघू. नवे कपाट – बघू. मी निश्चिंत होऊन कप विसळले.

तो गेल्यावर हे बराच वेळ मागच्या दारात उभे होते. तिथून बांध दिसतो. मी पाटी घेऊन निघाले तर म्हणाले, "आज राहू दे ना." मी म्हटले, "एक दिवस सोडला की दुसरा सुटतो." मग हेही मागोमाग आले. त्यांनी दहा वाहिल्या, मी बारा. मध्येच दम लागून ते खड्ड्यातच बसले. खाली बसलेला माणूस आपल्या शेतातून दिसत नाही, इतके खोल आहे ते.

ता. १९, बुधवार

यांनी विचारले, "भावाच्या त्या कराराची नक्कल तुझ्याकडे आहे का?" मी प्रत्येक कागदाची नक्कल ठेवते, लगेच काढून दिली. मनातून बरे वाटले. म्हणजे हे भट्टीवाल्यांविरुद्ध कचेरीत अर्ज करणार. उशिरा का होईना, देवाने बुद्धी दिली.

दुपारी मुद्रांकाचे कागद आणले, चक्क दोन. मी म्हटले, "कशाला दोन? एकात बसेल, मी बसवून देते." तर म्हणाले, "नको. मला मोकळंढाकळं लिहू दे." पाचवीतल्या मुलासारखा हात आडवा धरून लिहीत होते. यांना लिहायची सवय नाही. एकेका ओळीला शाईत टाक बुडवून खिडकीबाहेर बघत. खर्च चाळीस. तक्रारीचा आहे, धरायला हरकत नाही.

ता. २३, रविवार

हे वन्संकडे गेले. त्यांचा गुडघा दुखतो आहे, पाहून येतो म्हणाले. इस्त्रीचा सदरा घातला. वन्संच्या झाडांची शंभर लिंबे पिशवीत दिली आणि खाली जुने वर्तमानपत्र घातले. पिशवीत आधीच एक लिफाफा होता. तो ओला होऊ नये म्हणून मी वर काढून ठेवला.

ता. २५, मंगळवार

रस्त्यापलीकडच्या रोपवाटिकेतला माळी लिंबे घ्यायला आला. तसा फटकळ माणूस, पण झाडाच्या बाबतीत खोटे बोलत नाही. बांध पाहून उकिडवा बसला आणि कडेच्या मातीला बोट लावत राहिला.

"बाई, उभी कड टिकत नाही. हिला उतार द्या. वरून खालपर्यंत घसरगुंडीसारखं करा आणि खोल मुळ्यांचं गवत लावा. ते मी देतो, फुकट देतो, माझ्याकडे माजलंय. दोन हंगामांत धरून ठेवेल."

"उताराला जागा?"

"तुमच्याच बाजूची. दहा फूट जातील."

मी म्हटले, "खोदलं त्यांनी आणि दहा फूट सोडायचे आम्ही?"

"कड कुणी खोदली हे मातीला कळत नसतं, बाई." मग लिंबांकडे पाहून म्हणाला, "ही मात्र जाणार. मुळं निम्मी हवेत आहेत. पडतील ती बांधालाच घेऊन पडतील."

तो गेल्यावर मी पावलांनी दहा फूट मोजले. बारा सऱ्या आणि सातही झाडे. दहा फूट म्हणताना थोडे वाटतात. चालून पाहिले तर बरेच असतात.

ता. २६, बुधवार

हे परत आले. चेहरा उतरलेला. वन्संचा गुडघा तसाच आहे. "ताई विचार करून कळवते म्हणाली," असे सांगितले. गुडघ्याच्या ऑपरेशनचे असणार. वन्सं पहिल्यापासून सुईलासुद्धा भितात.

माळ्याचे सांगितले. ऐकून घेतले. जेवण अर्धे ठेवले. मी कधी अन्न टाकू देत नाही, आज दिले.

ता. २ मार्च, रविवार

आज सगळे कळले. जसे झाले तसे लिहिते.

सकाळी भावजी टेम्पो दाखवायला आले. मला पुढच्या सीटवर बसवून चौकापर्यंत चक्कर मारली. खुशीत होते. म्हणाले, "वहिनी, आता दादाही आमच्या पातळीला येणार. दोन्ही शेतं सपाट झाली की पाणी कसं खेळतं राहील बघा!"

"कोण म्हणतं?"

"दादानं सांगितलं नाही?" त्यांनी ब्रेकच दाबला. "त्यानं करार लिहिलाय की. ताईची सही तेवढी राहिलीय."

मी म्हटले, "मला इथंच उतरवा." चालत आले.

यांच्या टेबलाच्या खणात कच्चा कागद सापडला. शोधला असे नाही, तो वरच होता. मोठे, वाकडेतिकडे अक्षर. मला वाटले होते माझीच नक्कल उतरवली असेल. तर पहिलेच कलम असे: "पूर्वेकडील शेजारी बाईंच्या बांधापासून दहा फूट जागा सोडून मगच खोदावे. ही अट मोडल्यास करार रद्द." खाली दोन रेघा मारलेल्या. पूर्वेला निवृत्त शिक्षिकाबाईंची भाजीची जमीन आहे. बाकीची कलमे नंतर.

हे मागच्या अंगणात रहाटाला वंगण लावत होते. मी कागद पुढे धरला.

"हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"काय?"

"दहा फुटांचं. माझ्या कागदात नाही, ते."

हात पुसत राहिले. "त्याच दिवशी. तू अक्षरांवर राख टाकून शाई वाळवत होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"वीस वाचवले म्हणून इतकी खूश होतीस." मग म्हणाले, "आणि मलाही वाटलं, भाऊ आहे. सोडेल तेवढं."

मी पायरीवर बसले. इतके दिवस मी मुकादमाला दोष देत होते, भावजींना देत होते, जपातसुद्धा त्यांचीच नावे घेत होते. माझ्या हातून गाळलेल्या दीड ओळीने बांध गेला आणि या माणसाला ते ठाऊक होते. माझ्याबरोबर पाट्या वाहिल्या, चकार शब्द काढला नाही.

"मला न विचारता ताईंकडे गेलात."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आणि मग उद्या पुन्हा पाटी उचलली असतीस." खाली बघत म्हणाले, "दमलो गं. तू रोज माती वर आणतेस, ती रोज खाली जाते. मला ते बघवत नाही. माती गेली तर गेली, तू तरी बसशील."

रागवायचे होते. शब्द जुळवूनही आले होते मी रस्त्याने. ते तसेच राहिले.

मी म्हटले, "माळी म्हणतो तसं करू. मी कागदात न लिहिलेले दहा फूट आपल्या बाजूने सोडू. बाकीचं शेत राहील."

"लिंबं ताईची आहेत. आणि कागद तिच्याकडेच आहे."

"मग ताईंनाच विचारते."

"बघू," म्हणाले. या वेळी त्याचा अर्थ मला लागला नाही. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "तू लिही. ती म्हणेल तसं करू. मला आता पुन्हा लिहायला सांगू नकोस."

ता. ३, सोमवार

वन्संकडे फोन नाही, आणि शेजाऱ्यांच्या फोनवर हे बोलण्यासारखे नाही. पत्र लिहिले. नेहमीप्रमाणे नक्कल ठेवते.

"तीर्थस्वरूप वन्संस नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला आराम पडो, असे रोज देवाला सांगते. तुमच्या भावाने तुमच्याकडे ठेवलेल्या कागदाविषयी लिहीत आहे. ते आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे आणि हे पत्र त्यांना सांगूनच लिहिते आहे, तेव्हा भावाच्या पाठीमागे काही चालले आहे असे समजू नये.

पलीकडचा बांध का ढासळतो, हे त्यांनी तुम्हाला सांगितले नसेल. माझे नाव येते म्हणून सांगितले नसेल. भावजींचा करार मी लिहिला. बांधालगत दहा फूट सोडावे हे कलम जागा पुरेना म्हणून मी गाळले. दुसऱ्या कागदाचे वीस वाचवायचे होते. भावजींना किंवा भट्टीवाल्यांना बोल लावायचा तो माझ्यानंतर लावावा.

शेत उतरवून दिले तर कष्ट संपतील, हे तुमच्या भावाचे म्हणणे खोटे नाही. ते थकले आहेत. मीही थकले आहे, फक्त कबूल करत नव्हते. पण आपण उतरलो की शिक्षिकाबाईंचे शेत उंच पडेल. त्यांच्यासाठी दहा फूट सोडले तरी मुकादम उद्या त्यांच्या ओसरीवर जाऊन चहा पिणार, आणि पुढे त्यांच्या शेजाऱ्याच्या. हे कुणाच्या तरी बांधावर थांबायला हवे.

दुसरी वाट आहे. आपल्या बाजूचे दहा फूट सोडून उतार करायचा आणि गवत लावायचे. माळी गवत देतो आहे. राहिलेले शेत तुमच्या वडिलांच्या वेळेइतकेच काळे राहील. मात्र त्या दहा फुटांत तुमची सातही लिंबे जातात. मी मागणे मागते आहे ते हे. झाडे तुमची, लावलेली तुम्ही, पाणी घातलेले तुम्ही, आणि चूक माझी. तुम्ही नाही म्हणालात तर मनात काही धरणार नाही. त्या झाडांची कलमे मात्र माळ्याकडून आजच बांधून घेत आहे. दोन जगली तरी एक तुमच्या अंगणात पोचवीन.

तेव्हा कागदावर सही केली असल्यास तसे कळवावे. केली नसल्यास करू नये, आणि लिंबे काढू की नको, ते स्पष्ट लिहावे. आपल्यात ठाऊकच आहे, असे समजून काही गाळू नये. एका पानात बसवायची गरज नाही. तिकीट लावून, पत्ता घालून पाकीट सोबत पाठवीत आहे, त्यात दोन कोरे कागद घातले आहेत.

कड ढासळू नये म्हणून कालपासून पाणी बंद ठेवले आहे. कांदा अजून आठ दिवस तग धरेल. तेवढ्यात पोचेल असे, कृपा करून उलट टपाली कळवावे."